निष्कलंक मातेच्या पायाखालचा कलंकित चंद्र

मागच्या वेळी आपण ल्यूथर आणि छापखाना यांच्यापाशी थांबलो होतो. ठरल्याप्रमाणे आज धर्मसुधारणेनंतरचा कॅथलिक युरोप, त्याची चित्रकला आणि नवं खगोलशास्त्र असे तिन्ही विषय घ्यायचे आहेत. तासाभरात तिन्ही उरकायचे म्हणजे धावत्या गाडीच्या खिडकीतून गावं मोजण्यासारखं होईल. म्हणून आम्ही वेगळं ठरवलं आहे. एका देवळात जायचं, एका घुमटाखाली उभं राहायचं आणि मान वर करून बघायचं. तिन्ही विषय तिथे एकत्र भेटतात.

देऊळ म्हणजे रोममधलं सांता मारिया माज्जोरे हे चर्च. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं दफन तिथे झालं, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिलं असेल. त्यांच्या थडग्याला लागूनच एक मोठं, संगमरवरानं मढवलेलं उपासनागृह आहे. पोप पाचवे पॉल यांनी ते बांधून घेतलं, म्हणून त्याला पॉलिन चॅपेल म्हणतात. या पोपचं घराणं बोर्गेझे, कारकीर्द १६०५ ते १६२१. ही नावं आणि साल जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

या चॅपेलच्या घुमटात आतून एक भव्य भित्तिचित्र आहे. फ्लॉरेन्सचा चित्रकार लोदोविको कार्दी, ज्याला सगळे चिगोली म्हणत, त्याने १६१० ते १६१२ या काळात ते रंगवलं. विषय बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातला, बाराव्या अध्यायातला: सूर्य पांघरलेली, बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली आणि चंद्रावर उभी असलेली स्त्री. कॅथलिक परंपरेत ही स्त्री म्हणजे मरियामाता. इथपर्यंत सगळं परंपरेतलं. पण तिच्या पायाखालचा चंद्र बघा. नेहमीची चकचकीत चंद्रकोर तिथे नाही. खड्डे पडलेला, उजेड-अंधाराची सीमा वेडीवाकडी फाटलेली, खडबडीत गोळा आहे. हा चंद्र चिगोलीने कुठल्याही जुन्या चित्रातून घेतलेला नाही. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या मित्राने दुर्बिणीतून पाहिलेला चंद्र आहे तो. मित्राचं नाव गॅलिलिओ गॅलिली.

आता यात एवढं काय, असं कुणी विचारेल. आपल्याकडे चंद्राचं नावच मुळी शशांक, मृगांक. डाग त्याच्या नावातच आहे, आणि त्याबद्दल कुणाला कधी वाईट वाटल्याचं ऐकिवात नाही. युरोपात मात्र मामला नाजूक होता. ॲरिस्टॉटलच्या परंपरेप्रमाणे विश्वाचे दोन भाग. चंद्राच्या खालचं सगळं नाशवंत, मळणारं, बदलणारं. चंद्रापासून वरचं सगळं शुद्ध, अविकारी, नितळ गोलांचं. चंद्र हा सीमेवरचा पहारेकरी. त्यावरचे डाग तर नुसत्या डोळ्यांना दिसतात, ते कुणी नाकारत नव्हतं. पंधराव्या शतकात यान व्हान आइकने क्रूसारोहणाच्या एका चित्रात ते काढलेही आहेत. विद्वान त्यांचा उलगडा असा करत की चंद्राचा पदार्थ कुठे दाट, कुठे विरळ आहे, म्हणून उजेड कमीजास्त दिसतो. पृष्ठभाग मात्र गुळगुळीत.

त्यावर धर्माचा थर चढला होता. मरिया जन्मापासून, गर्भसंभवापासूनच मूळ पापापासून मुक्त होती का, हा वाद कॅथलिकांच्या आतलाच. फ्रान्सिस्कन म्हणत होती, डोमिनिकन म्हणत नव्हती. चर्चने त्याला अधिकृत सिद्धान्ताचं स्थान दिलं ते थेट १८५४ मध्ये. पण लोकभक्ती आणि चित्रकला त्याच्या पुष्कळ आधी पुढे गेली होती, आणि त्या चित्रांत पायाखालचा स्वच्छ चंद्र हे निष्कलंकपणाचं चिन्ह झालं होतं. मराठीत हा पेच किती नेमका पकडता येतो बघा: निष्कलंक मातेच्या पायाखाली कलंक असलेला चंद्र! आणि तोही पोपच्या खासगीतल्या चॅपेलमध्ये.

बरं, चित्रांच्या बाबतीत हा काळ ढिलाईचा होता, असंही नाही. मागच्या वेळी आपण बोललो होतो: १५२४ मध्ये झुरिकच्या चर्चमधून मूर्ती आणि चित्रं काढली गेली, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी ती फोडली. प्रोटेस्टंटांचा आक्षेप होता की ही मूर्तिपूजा आहे. कॅथलिकांनी ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, डिसेंबर १५६३ मध्ये, उत्तर दिलं: चित्रं राहतील, पण त्यांत चुकीची शिकवण चालणार नाही, आणि बिशपच्या संमतीशिवाय कुठलीही अनोखी प्रतिमा चर्चमध्ये लावायची नाही. म्हणजे चिगोली पालथीवर चढून रंगवत होता तेव्हा हा नियम जवळपास पन्नास वर्षं लागू होता. तरी तो चंद्र तिथे आला आणि राहिला. कसा? आजच्या व्याख्यानाचा सगळा भार या प्रश्नावर आहे. पण त्याआधी हा चंद्र गॅलिलिओला दिसला कसा, ते बघू. कारण दुर्बीण डोळ्याला लावली की डोंगर दिसतात, इतकं ते सोपं नव्हतं.

दुर्बीण गॅलिलिओने शोधली नाही. १६०८ च्या शरद ऋतूत हेगमध्ये हान्स लिपरशे नावाच्या चष्मेवाल्याने तिच्या हक्कासाठी अर्ज केला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे नळकांडं युरोपभर विकायला आलं. ते चंद्राकडे रोखून चित्र काढणारा, आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस इंग्रज होता: थॉमस हॅरियट. लंडनजवळ, थेम्सकाठच्या सायन हाउसमध्ये, तिथल्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे २६ जुलै १६०९ रोजी त्याने चित्र काढलं. गॅलिलिओच्या चार महिने आधी! ते चित्र आज उपलब्ध आहे. एक गोल, आत करवती दाते असलेली सीमारेषा, काही काळपट ठिपके. बस्स. हॅरियट सामान्य माणूस नव्हता, गणितात तो गॅलिलिओच्या तोडीचा होता. पण आपण काय बघतोय हे त्या रात्री त्याला उमगलं नाही. त्याचा मित्र विल्यम लोअर याने तर लिहिलं की हा चंद्र मला आमच्या आचाऱ्याने गेल्या आठवड्यात केलेल्या पदार्थासारखा दिसतो, इथे पांढरं, तिथे काळं, सगळा गोंधळ.

आता गॅलिलिओ. तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा, पदुआच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. त्याने स्वतः भिंगं घासून दुर्बीण वीसपट मोठं दाखवेल इथपर्यंत आणली होती. हॅरियटची सहापट होती. हा फरक लहान नाही, हे आधीच कबूल करून टाकू. ३० नोव्हेंबर १६०९ पासून काही आठवडे त्याने चंद्र पाहिला आणि तपकिरी शाईच्या पातळ हातांनी तो रंगवला. ही पानं फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यात खड्डे खड्ड्यांसारखे दिसतात.

त्याने केलं काय? सावल्या वाचल्या. उजळ भागात छोटे छोटे डाग होते. प्रत्येक डागाची सूर्याकडची बाजू काळी आणि सूर्यापासून लांबची बाजू उजळ. उंचवटा असता तर उलट झालं असतं, सूर्याकडची बाजू उजळली असती. सूर्याकडची बाजू काळी याचा अर्थ तिथे खोलगट जागा आहे; सूर्याच्या बाजूची कडा आत सावली टाकते आणि समोरची भिंत उजळते. दुसरं, अंधाऱ्या भागात, सीमेपासून दूर, प्रकाशाचे एकटे ठिपके होते. दोन-तीन तासांनी पाहिलं तर ते वाढलेले, मग उजळ भागाला येऊन मिळालेले. पहाटे दरी अंधारात असताना शिखराला ऊन लागतं, ते हेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे डाग हलत होते, तासागणिक आकार बदलत होते. पदार्थाच्या दाट-विरळपणातून आलेला डाग असा सरकत नाही.

मग त्याने उंचीही मोजली. हिशोब इतका साधा आहे की फळा असता तर इथेच करून दाखवला असता. त्याच्या काळच्या आकड्यांप्रमाणे चंद्राचा व्यास २००० इटालियन मैल, म्हणजे त्रिज्या १०००. उजळलेलं एक शिखर सीमारेषेपासून व्यासाच्या विसाव्या भागाइतकं, म्हणजे १०० मैल आत दिसलं. सूर्याचा किरण सीमारेषेवर चंद्राला स्पर्श करून सरळ त्या शिखरावर पोचतो. झाला काटकोन त्रिकोण. १००० चा वर्ग अधिक १०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ साधारण १००५. त्यातून त्रिज्या वजा केली की शिखराची उंची उरते: चार मैलांहून जास्त. आकडा थोडा जास्तच आला होता, पण पद्धत बिनतोड होती. मार्च १६१० मध्ये व्हेनिसला ‘सिदेरेउस नुन्सिउस’, म्हणजे ‘ताऱ्यांकडून आलेला निरोप’ हे छोटंसं पुस्तक निघालं. ५५० प्रती छापल्या होत्या आणि त्या बघता बघता संपल्या. हॅरियटने हे पुस्तक मिळाल्यानंतर, १६१० च्या उन्हाळ्यात पुन्हा चंद्र काढला. आता त्यालाही खड्डे दिसले!

सावली वाचायची ही सवय गॅलिलिओला लागली कुठे? इथे चित्रकला येते. फ्लॉरेन्समध्ये १५६३ पासून चित्रकार-शिल्पकारांची एक अकादमी होती, वासारीच्या पुढाकाराने निघालेली. तिथे ‘दिसेन्यो’ म्हणजे आरेखन हा सगळ्या कलांचा पाया मानत, आणि आरेखनासाठी भूमिती लागे. तरुण गॅलिलिओला युक्लिड शिकवला तो ओस्तिलिओ रिच्ची याने. रिच्चीच्याच हाताखाली चिगोलीही शिकला. दोघांची ओळख तिथली. पर्स्पेक्टिव्हच्या तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत एक ठरलेला सराव असे: गोल काढा, त्यावर टोकं, उंचवटे, खाचा काढा, एका बाजूने उजेड पाडा आणि प्रत्येक टोकाची सावली कुठे पडेल ते काढा. सॅम्युअल एजर्टन या अमेरिकन कला-इतिहासकाराने दाखवून दिलं की उंचवट्यांचा तो गोल आणि गॅलिलिओचा चंद्र यांत फार अंतर नाही. हॅरियटच्या इंग्लंडात असं शिक्षण गणितज्ञाला मिळत नव्हतं.

ही मांडणी आम्हाला पटते, पण एक सावधगिरीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. २००५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ग्रंथबाजारात ‘सिदेरेउस नुन्सिउस’ची एक प्रत आली. तिच्यात छापील चित्रांच्या जागी शाईने रंगवलेले चंद्र होते, साक्षात गॅलिलिओच्या हातचे म्हणून. होर्स्ट ब्रेडेकाम्प या नामवंत जर्मन कला-इतिहासकाराने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद, शाई, सगळं तपासून ती अस्सल ठरवली. मोठे ग्रंथ निघाले. आणि २०१२ मध्ये निक वाइल्डिंग या इतिहासकाराने ती प्रत बनावट असल्याचं दाखवून दिलं. अख्खं पुस्तकच खोटं! ब्रेडेकाम्पच्या गटाने नंतर आपण कसे फसलो यावर स्वतंत्र खंड काढला, हे त्यांचं मोठेपण. पण फसण्याचं एक कारण उघड आहे. ‘कलावंत गॅलिलिओ’ ही कल्पना सगळ्यांना इतकी हवीहवीशी होती की तिला पुरावा मिळाला तेव्हा कुणी दोनदा विचारलं नाही. तेव्हा आपणही तेवढंच म्हणू जेवढं फ्लॉरेन्सची पानं आणि त्या काळची पत्रं सांगतात. दुर्बीण चांगली होती आणि डोळा तयार होता, दोन्ही लागलं.

पत्रं मात्र भरपूर आहेत, आणि मजेदार आहेत. १६११ च्या वसंतात गॅलिलिओ रोमला आला. पोप पाचव्या पॉलने त्याला भेट दिली आणि गुडघ्यावर बसून बोलूही दिलं नाही, उठवलं, हे गॅलिलिओने स्वतः अभिमानाने कळवलंय. याच सुमारास कार्डिनल बेलार्मिन यांनी जेझुइटांच्या कोलेजिओ रोमानोतल्या गणितज्ञांना लेखी विचारलं, हा माणूस म्हणतो ते खरं आहे का? पाच प्रश्न होते, त्यात एक चंद्राचा. चौघांनी २४ एप्रिलला उत्तर दिलं. चंद्राचा खडबडीतपणा नाकारता येत नाही, पण आमच्यातल्या फादर क्लावियस यांना वाटतं की पृष्ठभाग उंचसखल नसून पदार्थ दाट-विरळ असावा. बाकीच्यांचा तसा आग्रह नाही, असंही त्याच उत्तरात म्हटलंय. क्लावियस तेव्हा सत्तरी ओलांडलेले. ग्रेगोरियन पंचांग ज्यांच्या गणितावर उभं आहे, ते हेच.

(जेझुइट म्हटल्यावर आपल्याला फादर थॉमस स्टीफन्स आठवणार. ते रोममध्ये दीक्षा घेऊन १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला १६१६ मध्ये छापलं गेलं. हे साल पुन्हा येणार आहे, वेगळ्या कारणाने.)

चिगोली तेव्हा सांता मारिया माज्जोरेत पालथीवरच होता. क्लावियस यांचं मत ऐकून तो चक्रावला. ऑगस्ट १६११ मध्ये त्याने गॅलिलिओला लिहिलं, त्याचा आशय असा: मला यावर एकच उत्तर सुचतं. ज्याला आरेखन येत नाही तो गणितज्ञ अर्धाच. इतकंच काय, त्याला डोळेच नाहीत. एका रंगाऱ्याने युरोपातल्या सर्वात मान्यवर गणितज्ञाबद्दल असं लिहावं! चिगोली स्वतःही हातात दुर्बीण घेऊन होता. १६१२ मध्ये त्याने सूर्यावरच्या डागांची निरीक्षणं करून चित्रं गॅलिलिओला पाठवली, तीही याच चर्चवरून.

विरोधकांपैकी लोदोविको देल्ले कोलोंबे याची युक्ती तर सांगायलाच हवी. तो म्हणाला, डोंगरदऱ्या असतीलही, पण त्या सगळ्या पारदर्शक स्फटिकाने भरलेल्या आहेत, त्यामुळे वरून चंद्र गुळगुळीतच. गॅलिलिओचं उत्तर असं: सुरेख कल्पना आहे, मान्य. फक्त मलाही तेवढाच न दिसणारा स्फटिक वापरू द्या, मी त्याचे दसपट उंच डोंगर उभारतो.

डिसेंबर १६१२ मध्ये राजपुत्र फेदेरिको चेझी याने गॅलिलिओला कळवलं की चिगोलीने पोपच्या चॅपेलमध्ये कमाल केली आहे. मरियामातेच्या पायाखाली चंद्र अगदी तुम्ही शोधलात तसा आहे, तुटक सीमारेषेसकट. चेझी हा गॅलिलिओ ज्या लिंचेई अकादमीचा सभासद होता तिचा संस्थापक. म्हणजे हा चंद्र कुणाच्या लक्षात आलाच नाही, असं म्हणायची सोय नाही. जाणत्यांना तो दिसत होता. पुढच्याच वर्षी, जून १६१३ मध्ये, चिगोली वारला.

आणि आता १६१६. ५ मार्चला रोमच्या ग्रंथनियंत्रण मंडळाने हुकूम काढला: पृथ्वी फिरते हे मत पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे, कोपर्निकसचं १५४३ चं पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत स्थगित. त्याआधी आठवडाभर बेलार्मिन यांनी गॅलिलिओला बोलावून हे मत सोडायला बजावलं होतं. पोप कोण? पाचवे पॉल, आपल्या घुमटाचे मालक. तोच पोप, तेच शहर, तोच शास्त्रज्ञ. चंद्राच्या दऱ्या देवळात चालल्या, पृथ्वीची गती पुस्तकातही चालली नाही.

शाळेत आपण ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ अशी गोष्ट शिकलो, तिच्यात हा घुमट बसत नाही. चंद्रावर डोंगर असल्याने मोडत होता तो ॲरिस्टॉटल. बायबलमध्ये चंद्र गुळगुळीत आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. पृथ्वीचं तसं नव्हतं. यहोशवाने सूर्याला थांब म्हटलं, पृथ्वी अढळ आहे, अशी वचनं होती, आणि त्यांचा अर्थ बदलायचा तर तो कोण बदलणार? ट्रेंटमध्ये १५४६ सालीच ठरलं होतं की श्रद्धा आणि आचार यांच्या बाबतीत चर्चच्या आणि पूर्वाचार्यांच्या एकमताविरुद्ध कुणी स्वतःच्या बुद्धीने शास्त्राचा अर्थ लावायचा नाही. हा नियम ल्यूथरसाठी होता. पण १६१३ मध्ये गॅलिलिओने आपला शिष्य कास्तेल्ली याला लांबलचक पत्र लिहून बायबल कसं वाचावं हे सांगितलं, ते पत्र हातोहात फिरलं, आणि तो नियम त्याच्यावर येऊन पडला. आकाशाबद्दल बोलला तोवर पोप त्याला उठवून बसवत होता. अर्थ लावण्याच्या अधिकाराला हात घातला आणि दार बंद झालं.

यावरून कुणी ‘चर्चची चूक नव्हतीच’ असा निष्कर्ष काढू नये. आजकाल तशीही पुस्तकं निघतात. बंदी खरी होती. १६३३ मध्ये, नंतरच्या एका पोपच्या काळात, गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून आपलं मत सोडायला लावलं, आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो स्थानबद्ध राहिला. इटलीतल्या खगोलशास्त्राने त्याची किंमत मोजली. आमचं म्हणणं इतकंच की हे अटळ नव्हतं. १६१२ च्या रोममध्ये वेगळा रस्ता उघडा होता, लोक त्यावरून चालत होते, आणि त्याचा पुरावा छतावर आहे.

एक चिठ्ठी आली आहे: ‘चिगोलीनंतर इतरांनीही असाच चंद्र काढला का?’ चांगला प्रश्न आहे. फारसा नाही. १६१८-१९ च्या सुमारास सेव्हिलमध्ये तरुण वेलाझ्केझने निष्कलंक मरियेचं चित्र काढलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्या पायाखाली चंद्राचा गोळा आहे, काचेसारखा पारदर्शक, डाग नाही. त्याचे गुरू आणि सासरे पाचेको यांनी चित्रकारांसाठी ग्रंथ लिहिला, तो १६४९ मध्ये छापला गेला. त्यात ते सांगतात की कोरीची टोकं खाली ठेवा. आणि कारण देताना एका जेझुइट पंडिताच्या आधारे गणिताचा दाखला देतात: सूर्य आणि चंद्र समोरासमोर असतील तर कोर अशीच दिसेल. म्हणजे भूमिती त्यांना मान्य होती. खड्ड्यांबद्दल मात्र तिथे अवाक्षर नाही.